कॅम्पसभर नेटवर्क होम फोल्डर लावण्याआधी क्लायंट कसा तपासायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका अभियांत्रिकी महाविद्यालयात वेगवेगळ्या इमारतींमधल्या लॅबमध्ये मिळून चारेकशे लिनक्स मशीन आहेत. विद्यार्थ्यांची होम फोल्डरं आता एका मध्यवर्ती सर्व्हरवर न्यायची आहेत. त्यासाठी एनएफएसची, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वापरू देणाऱ्या यंत्रणेची, ४.२ आवृत्ती आणि ओळख पटवायला कर्बेरॉस असं ठरलं आहे. पुरवठादाराने दहा मशीनवर डेमो दिला, फाइली उघडल्या, कॉपीचा वेगही छान आला. सत्र सुरू होण्याआधी सगळीकडे लावून टाकायचा आग्रह आहे. लावण्याआधी नेमकं काय तपासावं, असं तुम्ही विचारलं आहे.

डेमोत तपासला गेला तो सर्व्हर, आणि तोही चालू असताना. तुम्ही चारशे ठिकाणी लावणार आहात तो क्लायंट, म्हणजे प्रत्येक मशीनवरचा, सर्व्हरकडून फाइली आणणारा भाग. तो कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, राहतो आणि विद्यार्थ्याच्या प्रत्येक प्रोग्रामच्या खाली बसतो. सर्व्हर ठीक चालत असेल तेव्हा कुठलाही क्लायंट चांगलाच दिसतो. सर्व्हर दोन मिनिटं गायब होतो, कर्बेरॉसने दिलेल्या ओळखीच्या तिकिटाची मुदत संपते, कोटा भरतो, घड्याळ चुकतं, अशा वेळी तो काय करतो यावर तुमचं पुढचं वर्ष ठरेल. म्हणून तपासणीचा बहुतेक वेळ मुद्दाम बिघाड घडवण्यात घालवा. वेगाची मोजणी एका दुपारी उरकते. बिघाडांना दोन-तीन आठवडे लागतात, आणि तेवढे मागून घ्या.

आधी एका कागदावर 'पास' म्हणजे काय ते लिहून प्राचार्य आणि विभागप्रमुखांची सही घ्या. उदाहरणार्थ: साठ जणांच्या बॅचने एकदम लॉगिन केलं तरी प्रत्येकाचा डेस्कटॉप अमुक सेकंदांत समोर यावा, सर्व्हर रीस्टार्ट झाला तर एकाही मशीनला हात न लावता सगळी मशीन पाच मिनिटांत पूर्ववत व्हावीत, कुठल्याही चाचणीनंतर एकाही फाइलचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) बदललेला नसावा. आकडे तुमच्या गरजेप्रमाणे ठरवा, पण चाचणीआधी ठरवा. नंतर ठरवले की जे निघालं तेच बरोबर वाटू लागतं आणि मुदतीच्या दबावाखाली सगळं पास होतं.

चाचणीसाठी नवी कोरी मशीन घेऊ नका. लॅबमधलं सर्वांत जुनं मशीन घ्या, सर्वांत लांबच्या इमारतीतलं एक घ्या, आणि ज्या इमेजवरून सगळी लॅब क्लोन होते तीच इमेज त्यांवर टाका. क्लोनिंगचा मुद्दा इथेच पाहून घ्या, कारण डेमोत तो कधीच वर येत नाही. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत सर्व्हर प्रत्येक क्लायंटची उघडी फाइल आणि लॉक (एकाच वेळी दोघांनी फाइल बदलू नये म्हणून घेतलेला ताबा) लक्षात ठेवतो. कुठला क्लायंट कोण, हे तो क्लायंटने दिलेल्या ओळखीवरून समजतो, आणि लिनक्समध्ये ती ओळख मुख्यतः होस्टनेमवरून बनते. इमेजमध्ये होस्टनेम 'लोकलहोस्ट' राहिलं असेल किंवा सगळ्या मशीनवर एकच असेल, तर सर्व्हरच्या नजरेत ते एकच मशीन ठरतं. एकाने नव्याने नोंदणी केली की सर्व्हरला वाटतं जुनं मशीन रीबूट झालं, आणि दुसऱ्याची लॉक पुसली जातात. लक्षणं विचित्र असतात: मधूनच अडकणं, लॉक हरवणं, पुन्हा सुरळीत होणं. कर्बेरॉससाठी मशीनची गुप्त किल्ली ठेवणारी कीटॅब फाइल इमेजबरोबर क्लोन झाली असेल तर गोंधळ आणखी वाढतो. प्रत्येक मशीनचं होस्टनेम आणि कीटॅब वेगळी आहे ना, हे नेटवर्क कॉन्फिगरेशनच्या स्क्रिप्टमधूनच तपासलं जावं, डोळ्यांनी नको.

आता अचूकता. एकाच मशीनवर 'एफएसएक्स' हा जुना, विश्वासू प्रोग्राम चालवा. तो एका फाइलवर यादृच्छिक ठिकाणी लिहितो, वाचतो, फाइल कापतो, मेमरीत मॅप करतो आणि प्रत्येक वेळी आलेला मजकूर अपेक्षेशी ताडून पाहतो. रात्रभर चालू द्या. त्याबरोबर कनेक्टॅथॉनचा चाचणीसंच चालवा. वेगवेगळ्या कंपन्यांचे अभियंते आपापले एनएफएस एकमेकांशी जुळतात का हे पाहायला एकत्र जमत, तिथून तो आला आहे. त्यात मूलभूत क्रिया, लॉक आणि आडवळणाच्या प्रसंगांचे वेगळे भाग आहेत. दोन्ही निर्धोक पार पडले तर पाया ठीक. ते अडखळले तर पुढे जाऊच नका, आधी कर्नलची आवृत्ती बदलून पाहा.

त्यानंतर दोन मशीन शेजारी ठेवून एकच फोल्डर दोन्हीकडून वापरा. इथे लोकांची अपेक्षा आणि एनएफएसचं वचन यांत अंतर आहे. वचन एवढंच: एकाने फाइल बंद केली आणि त्यानंतर दुसऱ्याने ती उघडली, तर दुसऱ्याला नवा मजकूर दिसेल. दुसऱ्याकडे ती आधीपासून उघडी असेल तर हमी नाही. शिवाय क्लायंट फाइलची माहिती जवळ साठवून ठेवतो. लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये साध्या फाइलसाठी हा काळ ३ ते ६० सेकंद, फोल्डरसाठी ३० ते ६० सेकंद असतो. म्हणजे विद्यार्थ्याने असाइनमेंट सामायिक फोल्डरमध्ये टाकली आणि मॅडमच्या मशीनवर ती मिनिटभर दिसली नाही, तर तो बिघाड नव्हे. हे तुमच्या प्राध्यापकांना आधीच सांगितलेलं असावं. याच्याही पुढची एक गोष्ट म्हणजे 'फाइल नाही' हे उत्तरसुद्धा साठवलं जातं. एखादी स्क्रिप्ट दर पाच सेकंदांनी फाइल आली का म्हणून विचारत असेल, तर फाइल आल्यावरही काही काळ तिला 'नाही' असंच उत्तर मिळू शकतं. आणि दोन मशीनवरून एकाच लॉग फाइलच्या शेवटी लिहिण्याचा प्रयोग जरूर करा. एनएफएसमध्ये 'शेवटी जोडा' ही क्रिया क्लायंटच जमवून आणतो, त्यामुळे दोघांच्या ओळी एकमेकींवर पडतात. हजेरी घेणाऱ्या स्क्रिप्ट नेमक्या असंच लिहितात.

आता केबल काढा. खरोखर काढा, सॉफ्टवेअरने नव्हे. एका मशीनवर मोठी फाइल कॉपी होत असताना नेटवर्कची केबल काढून दोन मिनिटं थांबा आणि परत लावा. मग हेच दहा मिनिटांसाठी करा. माउंट, म्हणजे सर्व्हरवरच्या फोल्डरची मशीनशी जोडणी, 'हार्ड' असेल, आणि लिनक्समध्ये मूळ तेच असतं, तर प्रोग्राम अडकून बसेल आणि केबल लागल्यावर जिथे होता तिथून पुढे जाईल. अडकलेलं पाहून कुणीतरी 'सॉफ्ट' माउंट सुचवेल, कारण त्यात ठरावीक वेळाने त्रुटी परत येते आणि मशीन मोकळं होतं. विद्यार्थ्यांच्या होम फोल्डरसाठी हा सल्ला मानू नका. लिहिताना आलेली त्रुटी बहुतेक प्रोग्राम नीट पाहत नाहीत. अर्धी लिहिलेली फाइल पूर्ण समजली जाते आणि नुकसान कुणाच्या लक्षात येण्याआधी आठवडे जातात. अडकलेलं मशीन त्रास देतं, पण प्रोजेक्ट रिपोर्ट खराब करत नाही. माझं मत याबाबत पक्कं आहे.

अडकलेल्या अवस्थेत आणखी काय काय अडकतं, हे मात्र नीट नोंदवा. डिस्कची जागा दाखवणारी 'डीएफ' ही साधी आज्ञाही थांबते. कंट्रोल-सीने प्रोग्राम सुटत नाही, कर्नल २.६.२५ नंतर फक्त सिगकिल हा संदेशच त्याला सोडवू शकतो. १२० सेकंद झाले की कर्नलच्या लॉगमध्ये प्रक्रिया अडकल्याच्या ओळी येऊ लागतात. या वेळी तुम्ही स्वतः त्या मशीनवर लॉगिन करू शकता का? प्रत्येक मशीनवर एक असं खातं असायलाच हवं, ज्याचं होम फोल्डर स्थानिक डिस्कवर आहे आणि ज्याच्या पाथमध्ये (आज्ञा शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) नेटवर्कवरचं एकही फोल्डर नाही. रूटच्या, म्हणजे मशीनच्या प्रशासकाच्या, खात्यालाही हाच नियम. आणि सर्व्हर नसताना मशीन बंद होतं का, हे पाहा. बंद होताना नेटवर्क आधी गेलं आणि माउंट मागे राहिलं तर मशीन काळ्या पडद्यावर तसंच थांबतं, मग लॅब असिस्टंट बटण दाबून धरतो किंवा मेन स्विच ओढतो. स्थानिक डिस्क खराब होण्याची ती सुरुवात असते.

सर्व्हर रीस्टार्टची चाचणी वेगळी करा. लिनक्सचा एनएफएस सर्व्हर परत आल्यावर जुन्या क्लायंटना आपापली लॉक परत मागायला वेळ देतो. मूळ सेटिंगमध्ये हा काळ ९० सेकंदांचा असतो. त्या काळात नवी लॉक मिळत नाहीत आणि नवी फाइल उघडणंही थांबतं. पाहणाऱ्याला वाटतं, सर्व्हर चालू झाला तरी काही चालत नाही. घाबरून कुणी सर्व्हर पुन्हा रीस्टार्ट केला की ९० सेकंद पुन्हा पहिल्यापासून. ही माहिती सर्व्हर रूमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा, आणि चाचणीत ज्यांची रात्रपाळी असते त्या माणसाकडून हे एकदा करवून घ्या.

कोटा भरण्याची चाचणी लोक विसरतात, आणि विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त दुखावतो तो हाच प्रसंग. एनएफएस क्लायंट लिहिलेला मजकूर आधी स्वतःच्या मेमरीत ठेवतो आणि नंतर सर्व्हरकडे पाठवतो. त्यामुळे 'जागा नाही' हे उत्तर लिहिताना येत नाही, फाइल बंद करताना येतं, आणि बंद करताना आलेली त्रुटी कित्येक प्रोग्राम पाहतच नाहीत. एका चाचणी खात्यात फक्त २-३ एमबी जागा शिल्लक ठेवा. मग लिबरऑफिसमध्ये मोठा दस्तऐवज उघडून त्यात चित्रं टाका आणि सेव्ह करा. तुमच्याकडे वापरात असलेल्या प्रत्येक एडिटरवर हे करा. संदेश आला का, जुनी फाइल शाबूत राहिली का, की शून्य बाइटची फाइल उरली, हे तीन रकान्यांत लिहा. ज्या प्रोग्रामने जुनी फाइलही गमावली, त्याच्यासाठी कोट्याची आगाऊ सूचना लॉगिनच्या वेळीच दाखवावी लागेल.

कर्बेरॉसवर मी जरा जास्त वेळ घेतो, कारण तक्रारी तिथूनच जास्त येतात. तिकिटाला मुदत असते. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी वापरत असाल तर मूळ सेटिंगमध्ये ती १० तासांची आहे. सकाळी साडेनऊला लॉगिन केलेला एम.टेक.चा विद्यार्थी रात्रभर सिम्युलेशन सोडून जातो, आणि संध्याकाळी साडेसातला त्याच्या प्रोग्रामला स्वतःच्याच फाइलवर लिहायची परवानगी उरत नाही. हे तपासायला १० तास थांबायची गरज नाही. १० मिनिटांच्या मुदतीचं तिकीट मागून घ्या, लिहिणारी स्क्रिप्ट चालू ठेवा आणि अकराव्या मिनिटाला काय होतं ते पाहा. उपाय ठरलेले आहेत: तिकीट आपोआप नवं करणारा छोटा प्रोग्राम पार्श्वभूमीत ठेवणं, किंवा लांब कामांसाठी वेगळा कम्प्युट सर्व्हर आणि तात्पुरत्या फाइलींसाठी स्थानिक स्क्रॅच डिस्क देणं. मी दुसरा उपाय पसंत करतो. पण कुठला घ्यायचा ते सगळीकडे लावण्याआधी ठरलेलं असावं.

एसएसएचची किल्ली वापरून दुसऱ्या मशीनवरून पासवर्डशिवाय लॉगिन करणारे प्राध्यापक तुमच्याकडेही असतीलच. त्यांची परवानगी असलेल्या किल्ल्यांची फाइल त्यांच्या होम फोल्डरमध्ये असते. लॉगिन होण्याआधी त्यांच्याकडे तिकीट नसतं, तिकिटाशिवाय सर्व्हर होम फोल्डर वाचू देत नाही, म्हणून किल्ली सापडत नाही आणि लॉगिन नाकारलं जातं. क्रॉनच्या, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या, कामांचंही तेच होतं. चाचणीच्या यादीत या दोन्ही गोष्टी आणि त्यांची खरीखुरी माणसं घाला.

घड्याळ हा जुन्या लॅबचा हमखास प्रश्न आहे. कर्बेरॉस साधारणपणे ५ मिनिटांपर्यंतचा फरक सहन करतं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेलं मशीन वीज गेल्यावर कित्येक वर्षं मागच्या तारखेला उठतं. टाइम सर्व्हरशी जुळण्याआधीच माउंट व्हायचा प्रयत्न झाला की तो फसतो, आणि पाच मिनिटांनी घड्याळ बरोबर झाल्यावर कुणी पुन्हा प्रयत्न करत नाही. चाचणीत एका मशीनची तारीख बायॉसमधून मागे नेऊन बूट करा. आधी घड्याळ, मग माउंट, हा क्रम सेवांच्या फाइलीत लिहिलेला असला पाहिजे.

तारीख पुढे नेऊनही बूट करा. याचं कारण एका खऱ्या घटनेत आहे. ओपनएएफएस ही अशीच एक नेटवर्क फाइल सिस्टीम, जगभरच्या विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत वापरली जाणारी. तिच्या १.८ मालिकेत जोडणीचा क्रमांक वेळेवरून बनवणाऱ्या कोडमध्ये दोष होता. १४ जानेवारी २०२१ रोजी, म्हणजे मकर संक्रांतीच्या दिवशी, भारतीय वेळेनुसार दुपारी १ वाजून ५५ मिनिटं ३६ सेकंदांनी युनिक्सच्या सेकंदमोजणीने एक ठरावीक मर्यादा ओलांडली. त्या क्षणानंतर सुरू झालेले क्लायंट सर्व्हरशी बोलूच शकेनात. आधीपासून चालू असलेली मशीन मात्र ठणठणीत होती. रीबूट केलं की बंद पडत होती. १.८.७ या आवृत्तीत दुरुस्ती आली. यातलं घेण्यासारखं हे, की क्लायंट चालू आहे आणि क्लायंट नव्याने सुरू होऊ शकतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रोजच्या देखरेखीत पहिलीच दिसते. म्हणून चाचणीच्या लॅबमधलं एक मशीन रोज पहाटे आपोआप रीबूट होऊन एक फाइल लिहून दाखवेल असं कायमचं ठेवा. एका वेगळ्या नेटवर्कमध्ये, सर्व्हरसकट, घड्याळ पुढच्या शैक्षणिक वर्षात नेऊनही एकदा पाहा.

याच कारणाने कर्नलचं आपोआप होणारं अपडेट बंद ठेवा. एनएफएसचा क्लायंट कर्नलचाच भाग असल्याने नवा कर्नल म्हणजे नवा क्लायंट. प्रत्येक नव्या कर्नलवर निदान एफएसएक्स, केबल आणि तिकीट या तीन चाचण्या व्हाव्यात. त्या स्क्रिप्टमध्ये बांधून ठेवल्यात तर एका सकाळचं काम आहे.

नेटवर्कबद्दल एकच सापळा सांगतो. सर्व्हरवर जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी नेटवर्क पाकिटं) चालू आणि वाटेतल्या एखाद्या जुन्या स्विचवर बंद, असं असेल तर फोल्डरची यादी झटकन येते, छोट्या फाइली उघडतात, आणि मोठी फाइल वाचायला घेतली की सगळं थांबतं. प्रत्येक इमारतीतून १०० एमबीची फाइल लिहून परत वाचा आणि चेकसम ताडून पाहा. लिनक्समध्ये नेटवर्कवर मुद्दाम विलंब आणि गळती घालायची सोय आहे. २० मिलिसेकंद विलंब आणि १% गळती घालून एकदा लॉगिन करून पाहा. दूरच्या वसतिगृहाकडून काय अनुभव येईल याचा त्यावरून अंदाज येतो.

आता दहाच्या तासाची गर्दी. या बाबतीत जुना अभ्यास आजही उपयोगी पडतो. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८०च्या दशकात आयबीएमच्या साहाय्याने अँड्र्यू प्रकल्प चालला. वर सांगितलेल्या ओपनएएफएसचं मूळ असलेलं एएफएस त्यातूनच आलं. किमान ५,००० वर्कस्टेशनना पुरेल अशी फाइल सिस्टीम त्यांना हवी होती. पहिल्या प्रायोगिक आवृत्तीवर त्यांनी शंभरेक मशीन आणि चारशे माणसं काम करत असताना मोजमाप केलं. जॉन हॉवर्ड, महादेव सत्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली ते प्रसिद्ध केलं. सर्व्हरकडे येणाऱ्या विनंत्यांपैकी जवळपास ९०% विनंत्या प्रत्यक्ष मजकूर मागणाऱ्या नव्हत्याच. माझ्याकडची प्रत अजून ताजी आहे का आणि या फाइलची माहिती काय, एवढंच विचारणाऱ्या होत्या. डिस्क आणि नेटवर्क मोकळं आणि सर्व्हरचा प्रोसेसर मात्र दमलेला. त्यावर त्यांनी उलटा करार केला: फाइल बदलली तर सर्व्हर स्वतः कळवेल, तोवर क्लायंटने विचारू नये. पूर्ण यंत्रणा उभी करण्याआधी छोटी आवृत्ती खऱ्या माणसांच्या हातात देऊन मोजल्यामुळेच हे सापडलं.

तुम्हीही तेच मोजा. रिकाम्या चाचणी खात्याने लॉगिन करू नका, ते काहीच सांगत नाही. तिसऱ्या वर्षाच्या खऱ्या विद्यार्थ्याचं, वर्षभर वापरलेलं होम फोल्डर त्याच्या परवानगीने घ्या. लॉगिन, ब्राउझर उघडणं, कोड एडिटर उघडणं, एक प्रोग्राम कंपाइल करणं, लॉगआउट. कर्नल एनएफएसच्या विनंत्यांची मोजणी माउंटस्टॅट्स या फाइलमध्ये ठेवतो; या सगळ्याच्या आधीचे आकडे नंतरच्या आकड्यांतून वजा करा. कुठल्या प्रकारच्या किती विनंत्या गेल्या ते हातात येईल. त्याला साठने गुणा, मग एका वेळी किती लॅब भरलेल्या असतात त्याने गुणा. सर्व्हर किती विनंत्या सोसतो याच्याशी हा आकडा ताडा, मेगाबाइटचा आकडा नव्हे. बहुतेक ठिकाणी सर्वांत मोठा गुन्हेगार ब्राउझरचा कॅशे निघतो. तो आणि इतर प्रोग्रामांचे कॅशे स्थानिक डिस्कवर वळवा. एका पर्यावरण चलाने बरंचसं काम होतं. मग मोजमाप पुन्हा करा, आणि शेवटी एका लॅबमध्ये खरोखर साठ विद्यार्थी बसवून एकाच वेळी लॉगिन करायला सांगा. स्क्रिप्टने साठ जणांची नक्कल केली तरी माणसं बसवाच. माणसं दोनदा क्लिक करतात, कंटाळून रीबूट करतात, शेजारच्या मशीनवर जाऊन त्याच खात्याने पुन्हा लॉगिन करतात. एकाच खात्याने दोन मशीनवर लॉगिन केलं की 'फायरफॉक्स आधीच चालू आहे' असा संदेश येतो, आणि ही तक्रार पहिल्याच दिवशी तुमच्याकडे येणार.

कंपाइलपेक्षाही जड काम म्हणजे असंख्य छोट्या फाइली तयार करणं. लिनक्स कर्नलच्या सोर्सची संकुचित फाइल, जिच्यात ७०,००० हून जास्त फाइली आहेत, ती नेटवर्कच्या होममध्ये उलगडा आणि स्थानिक डिस्कवर उलगडा. दोन वेळांमधला फरक पाहिलात की वेब टेक्नॉलॉजीच्या प्रॅक्टिकलमध्ये हजारो छोट्या फाइली उतरवणाऱ्या एनपीएमने काय होईल ते कळेल. एसक्यूलाइट या एकाच फाइलमध्ये मावणाऱ्या डेटाबेसवर चालणाऱ्या प्रोग्रामांचीही यादी करा. त्याची बदल आधी वेगळ्या नोंदफाइलीत लिहिण्याची 'वॉल' पद्धत नेटवर्क फाइल सिस्टीमवर चालत नाही, कारण तिला सगळे वापरणारे एकाच मशीनवर असावे लागतात. डीबीएमएसच्या प्रॅक्टिकलची डेटाबेस फोल्डरं आणि व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क फाइली सरळ स्थानिक डिस्कवर ठेवा. उबंटू वापरत असाल तर २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप पॅकेजमध्ये येतो. स्नॅपचे निर्बंध आणि कर्बेरॉसवरचं होम यांची जोडी स्वतंत्रपणे तपासा, ती बऱ्याच ठिकाणी जमत नाही.

वीज गेल्याची चाचणी आपल्याकडे तरी टाळू नका. वीज परत आली की सगळी मशीन एकदम उठतात. स्विचला उठायला मशीनपेक्षा जास्त वेळ लागतो, सर्व्हरला त्याहून जास्त. मशीन बूट होतं, माउंट फसतं, आणि माउंटच्या जागी असलेलं स्थानिक रिकामं फोल्डर उघडं पडतं. विद्यार्थी लॉगिन करतो, फाइली दिसत नाहीत, तरी तो तासभर काम करून सेव्ह करतो. नंतर माउंट होतं आणि त्याचं काम त्याखाली झाकलं जातं. त्याला वाटतं फाइली गेल्या, तुम्हाला सर्व्हरवर काही सापडत नाही. उपाय साधा आहे: माउंट नसताना त्या फोल्डरमध्ये कुणालाच, रूटलासुद्धा, लिहिता येऊ नये म्हणून त्याला 'अपरिवर्तनीय' हा गुणधर्म लावून ठेवा, आणि माउंट नसेल तर लॉगिनच नाकारा. मग एका संध्याकाळी पूर्ण लॅबचा मेन स्विच बंद करून, दहा मिनिटांनी चालू करून, कुठल्याही मशीनला हात न लावता काय होतं ते पाहा.

मराठी नावांच्या फाइली हा विषय पुरवठादाराच्या यादीत कधीच नसतो, म्हणून इथे सांगतो. लिनक्समध्ये फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे ८५ चिन्हं, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'विद्यार्थ्यांची' या एकाच शब्दाचे ४५ बाइट होतात. विंडोजवर मर्यादा वेगळ्या पद्धतीने मोजली जाते, त्यामुळे कार्यालयातल्या मशीनवर व्यवस्थित असलेली लांब नावाची फाइल सर्व्हरवर कॉपी होत नाही. कॉपीची स्क्रिप्ट ती वगळून पुढे गेली तर कुणाला कळतही नाही. दुसरी अडचण 'दुसऱ्या' सारख्या शब्दांची. त्यातला अर्धा र काही कीबोर्ड एका चिन्हाने लिहितात, काही र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी, तर काही हलन्तानंतर न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही सारखेच, लिनक्सच्या सर्व्हरला तीन वेगळी नावं. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइल सिस्टीम तर पहिल्या प्रकाराचं स्वतःहून दुसऱ्यात रूपांतर करते. 'दुसऱ्या सत्राचे गुण' या नावाच्या फाइली तिन्ही पद्धतींनी बनवा, प्रत्येक प्रकारच्या क्लायंटवरून उघडा, कॉपी करा, बॅकअप घेऊन परत आणा. परीक्षा विभागाला एकाच नावाच्या दोन फाइली दिसल्या आणि त्यातली जुनी उघडली गेली, तर होणारं नुकसान एखाद्या हँग झालेल्या मशीनपेक्षा फार मोठं आहे.

हे सगळं पार पडलं की एक लॅब घ्या, सगळ्या नको. जिथले प्राध्यापक तक्रार करायला कचरत नाहीत अशी लॅब घ्या. गप्प बसणारे लोक चाचणीसाठी उपयोगाचे नाहीत. किमान एक पूर्ण प्रॅक्टिकल फेरी आणि एक सबमिशनचा आठवडा त्या लॅबमधून जाऊ द्या. प्रत्येक मशीनवर दर मिनिटाला एक छोटी फाइल लिहून, वाचून, पुसून लागलेला वेळ नोंदवणारी स्क्रिप्ट ठेवा, आणि त्या स्क्रिप्टची नोंद स्थानिक डिस्कवर करा, नाहीतर सर्व्हर गेला की पुरावाही जातो. सर्व्हरच्या बाजूचे आलेख हिरवे असताना क्लायंट अडकलेले असू शकतात. खरं काय ते या नोंदीच सांगतात.

माघारीचीही चाचणी घ्या. जुन्या पद्धतीकडे परतायचं म्हणजे नुसतं कॉन्फिगरेशन उलटवणं नव्हे. मधल्या काळात सर्व्हरवर साठलेलं काम परत कुठे आणि कसं जाणार, किती तास लागणार, हे एका लॅबवर करून पाहा आणि वेळ लिहून ठेवा. तो वेळ एका शनिवार-रविवारात बसत नसेल, तर एकावेळी लावायच्या लॅबची संख्या बसेल इतकी कमी करा.

आणि तारखेबद्दल प्राचार्यांशी बोलताना हे मांडा: सत्राच्या आरंभी फक्त पहिली लॅब, सबमिशन संपल्यावर दुसऱ्या इमारतीतल्या दोन, बाकीच्या लॅब दोन सत्रांमधल्या सुटीत. परीक्षा विभाग आणि ऑनलाइन परीक्षा घेणारी लॅब सर्वांत शेवटी, आणि परीक्षेच्या काळात त्या लॅबची होम फोल्डरं स्थानिकच ठेवायची सोय कायमची राहू द्या.